भाटकाराच्या नावावर पाय

इनासमध्ये आणि माझ्यात विस्तव जात नव्हता. कुंपणावरच्या काजूवरून आम्ही बारा महिने भांडायचो. इगर्जेची झाडलोट आणि घंटा त्याच्याकडे होती. त्याची तक्रार पाद्रीकडे करावी म्हणून मी, पार्से गावच्या मराठी शाळेचा मास्तर, जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये शिरलो, तर दारात हाच उभा.

“मास्तर, पांय पूस.”

“कुठे?”

“हांगा!” त्याने जमिनीतल्या एका कोरीव दगडाकडे बोट केलं. एक पाय पुसल्यावर पोर्तुगीज अक्षरं दिसली आणि मी मागे सरलो. “अरे, थडगं आहे हे! मेलेल्याच्या नावावर पाय?”

“पूस, पूस. बरो घांसून पूस!”

त्या इगर्जेत जुने भाटकार, म्हणजे जमीनदार, जमिनीखालीच पुरलेले, वर कोरलेली नावं. इनासचा आजा एक दिवस राबायला गेला नाही, म्हणून दारातल्या या दगडाखालच्या भाटकाराने त्याची खोप जाळली होती. आजा मेला तो बाहेरच्या आवारात पुरला गेला. तिथे काही वर्षांनी तोच खड्डा उघडतात, हाडं काढतात आणि पुढचा मुडदा ठेवतात. “शापायचें नांव खंयच ना,” इनास आज्याबद्दल म्हणायचा, “आनी ह्या चोराचें फातरार? हांव मरचे आदीं तें पुसून वचूंक जाय!” बाकीचे दगड तो धुवायचा, यावर मात्र रेती टाकायचा. लग्नाची वरात असो की मयत, सगळ्यांना त्याच्यावरूनच आत घ्यायचा.

अशा माणसाची कीव यावी, पण तो तेवढीही सोय ठेवत नसे. कोकणी की मराठी या आंदोलनात माझ्या दारावरच्या मराठीच्या फलकावर तो थुंकला होता. “व्हर तुजी मराठी घाटार!” मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

गोवा राज्य झालं त्या सुमारास आखातातल्या एका गावकऱ्याने इगर्जेला नवी फरशी देऊ केली. आता इनास पेढे वाटेल असं मला वाटलं. तो माझ्या उंबऱ्याशी आला.

“लादी घाल्यार नांव तिचे पोंदा सांबाळून उरतलें. पांय लागचे नात,” तो म्हणाला. नव्या फरशीखाली नाव झिजायचं थांबणार होतं. “पणजे अर्ज बरय. तुज्या मराठींत बरय, म्हाका पडिल्लें ना.”

जुना दगड फरशीखाली गाडू नये, असा अर्ज मी लिहिला. ती खोपीची गोष्ट ऐकल्यापासून भाटकार मलाही खुपत होता. पणजीहून पुराणवस्तू खात्याचे साहेब आले, फरशीचं काम थांबलं. दगड मोलाचा आहे, त्याला कुणाचा पाय लागता कामा नये, असं सांगून त्यांनी तो उपटवला आणि भिंतीत उभा बसवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इनास बुटका होता. “आतां ताका मान वयर करून पळोवचो?” एवढंच त्याने मला विचारलं. पुन्हा तो आत गेला नाही. मीसची प्रार्थना इगर्जेच्या ओसरीवरून ऐकायचा, आणि काजूवरून मला शिव्या देणं चालूच होतं.

तो गेला तेव्हा आवारातलाच एक जुना खड्डा उघडला. माती टाकून मी इगर्जेत डोकावलो. भाटकाराच्या दगडाखाली कुणीतरी मेणबत्ती लावली होती आणि तिच्या उजेडात नाव स्पष्ट वाचता येत होतं. ज्योत फुंकू नये, असं आमच्यात मानतात.

मी फुंकली.