सुलोचनाकाकूंचं पिंप

इथले गूढ अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. प्रत्येकाच्या मागे काहीतरी साधं कारण असणार, सांगणाऱ्याला ते दिसलं नसेल, एवढंच वाटायचं. माझ्याही बाबतीत तसंच असेल... पण मला ते सापडत नाहीये, म्हणून लिहितेय. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

आम्ही अळणावरकडच्या एका खेड्यातले. घरातून कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. माझा मोठा भाऊ अण्णा आणि मी हुबळीत उणकलला भाड्याच्या खोलीत राहतो. अण्णा वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, मी बसने धारवाडला बी.कॉम.ला जाते. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच नळ आहे. पाणी कितीतरी दिवसांनी सुटतं. मग ज्याचा नंबर येईल त्याने आपला पाइप लावायचा, आपलं पिंप भरायचं आणि पुढच्याला द्यायचं. त्या वेळेला जो घरी नाही, तो राहिला.

गेल्या मंगळवारी सकाळी मी ज्वारी गिरणीत टाकून आले, तर शेजारच्या सुलोचनाकाकू कुलपाची किल्ली घेऊन दारात उभ्या. त्यांची मुलगी शारदक्का दवाखान्यातून बाळाला घेऊन माहेरी येणार होती. काकू तिला आणायला निघाल्या होत्या. पाणी संध्याकाळी सुटणार होतं. काकूंनी मला आत नेऊन पिंप दाखवलं. घासून पालथं घातलेलं. शेजारी तांब्याचा हंडा, तोही रिकामा. "बाळंतीण येतीय गं. तेवढं भरून ठेव, तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" मी हो म्हटलं. मनापासूनच म्हटलं.

दिवस साधाच होता. बसपासचं काम, नोट्सच्या झेरॉक्स, दोन लेक्चर. निघताना वर्गातल्या मुली म्हणाल्या, चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला चल. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. त्या सगळ्यांच्या घरी गच्चीवर टाक्या आहेत, मोटर आहे. मला पाणी भरायला जायचंय, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. किल्ली बॅगेत होती. मी हसले आणि त्यांच्याबरोबर गेले. गिरमिटाची चवही लागली नाही, पण उठलेही नाही.

दिवेलागणीला गल्लीत आले तर सगळीकडे ओल, बायका पाइप गुंडाळत होत्या. नळाशेजारच्या पारव्वानं कन्नडमध्ये सांगितलं, पाणी येऊन गेलंसुद्धा. तुमच्या दोन घरांचा नंबर आला तेव्हा कुणीच नव्हतं, मी पुढच्यांना दिला.

आमच्या पिंपात तळाला घागरभर पाणी होतं, तेच तरी हंड्यात ओतावं म्हणून मी काकूंचं कुलूप काढलं.

पिंप भरलेलं होतं. काठोकाठ. तोंडाला पाणी गाळायचं फडकं नीट बांधलेलं, हंडाही भरलेला. फरशी मात्र कोरडी ठणठणीत — पाणी भरताना कितीही जपलं तरी सांडतंच. पाइप खुंटीला होता, हात लावून पाहिला, आतून-बाहेरून सुका. मागे दार नाही. दुसरी किल्ली काकूंकडेच.

मी तिथेच उभी असताना रिक्षा आली. काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांचं लक्ष आमच्या दाराबाहेरच्या जवळजवळ रिकाम्या पिंपाकडे गेलं.

"आपलं कोरडं ठेवून आमचं भरलंस होय गं?"

तेवढ्यात अण्णा आला. म्हणाला, "बी.कॉम.ला समाजसेवा शिकवतात वाटतं. आता मी आंघोळ कुठं करू?" सगळे हसले.

मी म्हटलं, "काकू, पाणी मी नाही भरलं. मी आलेच उशिरा."

"मग काय, चालत आलं?" त्या शारदक्काकडे वळल्या. "बघ, केलेलंसुद्धा सांगायला लाजते."

मी पारव्वाला साक्षीला बोलावलं. तिनंही मला पाहिलं नव्हतं, ती तसं म्हणालीही. पण काकूंनी तिला, तुझं लक्ष सीरियलमध्ये, म्हणून उडवून लावलं. मग भाकरतुकडा माझ्या हातात दिला. ओवाळ म्हणाल्या, ज्या हातानं पाणी भरलं त्याच हातानं पायांवरही घाल. शारदक्का उंबऱ्याबाहेर उभी होती, फार थकलेली, बाळ टॉवेलमध्ये झोपलेलं. तिला आणखी उभं ठेवणं मला जमलं नाही. मी ओवाळलं. पाणी घातलं. मान वर केली नाही. काकूंना वाटलं, मला रडू येतंय म्हणून. येतही होतं.

नंतर मी ओळीत प्रत्येकाला विचारलं. कुणीच भरलेलं नाही. अण्णा म्हणतो, तूच भरून विसरलीस. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यातलंच घागरभर पाणी आम्हाला दिलं. अण्णानं त्याचा चहा केला, मी घेतला नाही.

मला स्पष्टीकरण नकोय असं नाही, पण त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. ज्या कुणी त्या घराची लाज राखली, त्याचे आभार रोज मला मिळतात. मी नाही म्हटलं की ते वाढतात.

काल शारदक्कानं बोलावलं. तिच्या नवऱ्याला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव तूच सांगायचं, म्हणाली.

बारसं रविवारी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.