पडद्यामागून पाहिलेली लढाई

"तुमी लोकं पडद्याच्या मांगं बसा. चित्र तेच दिसते," पाटलाचा दिवाणजी म्हणाला. आम्ही बसलो. माझा बाप वर "हाव मालक" म्हणाला.

पाटलाच्या थोरल्याचं लग्न होतं. मेहकरहून मशीन आणून मैदानात सिनेमा लावला होता, अख्ख्या गावाला फुकट. महाराष्ट्र नवा होता, आमचा बौद्ध धर्मही नवा. सतरंज्या मात्र पुढच्याच बाजूला.

सिनेमा लढाईचा. डोंगरातलं एक शेतकरी घर. दिवसा फौज दार वाजवायची, अंधारात जंगलातले बंडखोर भाकर मागायला यायचे. एकदा घरातला बेपत्ता पोरगा बंदूक घेऊन परतला. मायनं रडत रडत ताट वाढलं. तो डाव्या हातानं जेवू लागला.

घरचं माणूस असं जेवतं काय? मी तिथंच ताडलं. हा पोरगा नव्हे, फौजेचा खबऱ्या. मग मायही डाव्या हातानं वाढताना दिसली. तिलाही मी खबऱ्यांत टाकलं. सिनेमा संपेपर्यंत त्या घरात खरं माणूस एकही उरलं नाही.

मी मॅट्रिकला दोनदा बसलेला, शहाणपण पोटात मावेना. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर चहा पिता पिता चारचौघांना हा शोध सांगितला, हातवारे करून. ऐकणाऱ्या कंडक्टरनं बशी खाली ठेवली.

"पडद्याच्या मांगं बसवलं होतं काय बे तुले?"

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. गाडीत बसल्यावर हसू थांबलं. चित्र तेच दिसते, म्हणे. तेच नव्हतं, उलटं होतं; उजवा हात डावा दिसत होता. मग 'तेच हाय' म्हणून आजवर आम्हाला आणखी काय काय उलटं दिलं? शाळेत? कचेरीत?

पुढच्या साली पाटलाच्या धाकट्याचं लग्न. पुन्हा मशीन आलं. मी जाऊन सतरंजीवर बसलो. बाप मागं येऊन हळूच म्हणाला, "काऊन कुटाणे करून राह्यला बापू? आपलं पोट त्याइच्याच वावरात हाय."

दिवाणजी आला. "ऊठ. नाही तं मशीन बंद करतो."

नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून तर उठलो नाही, असं मी पुढं गमतीनं सांगायचो. खोटं आहे ते. मी म्हणालो, "करा."

मशीन बंद झालं. गाव मलाच शिव्या देत घरी गेलं. सकाळी पाटलानं आमचं वावरातलं काम तोडलं. बाप अन् मी सडकेवर खडी फोडू लागलो.

आता कोणी जागा दाखवली की मी आधी फिरून दोन्ही बाजू पाहतो. मग मला पाहिजे तिथं बसतो. ज्याला उठवायचं असेल, त्यानं खुशाल मशीन बंद करावं.