कुणावर संशय नाही

मार्था मावशी गेल्याची बातमी घेऊन वृद्धाश्रमाचा माळी सायकलवरून आमच्या वाडीत आला, तेव्हा मी विहिरीवरच्या पंपाचा पट्टा बसवत होतो. त्याने सायकल माडाला टेकवली, टोपी काढली आणि म्हणाला, "मावशी गेल्या. जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाय. डॉक्टर बोलले, हार्ट." मग निघता निघता आठवल्यासारखा थांबला. "आनि एक. त्यांनी कवाच सांगून ठेवलं होतं, मी मेले की जुजेला पयलं हे सांगायचं... कुनावर संशय नाय."

हातातला पाना मी खाली ठेवला. आता रडावं की चिडावं, तेच कळेना. मावशीने मला जन्मभर याच पेचात ठेवलं होतं.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर मी आमच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली, पंखा बसवला, खिडकीला जाळी लावली. तिने खोली पाहिली, जाळी ओढून पाहिली आणि सांगितलं की ती वसईतल्या गास गावाजवळच्या आश्रमात राहायला जाणार आहे. का, असं विचारलं तर म्हणाली, "तुझ्या घरात काही घडत नाही रे." आश्रमात मात्र सतत काहीतरी घडायचं, कारण मावशी तिथे होती. कुणाचा चष्मा हरवला की चोरी, कोंबडी दिसेनाशी झाली की कट, नवा फादर मिस्सेची प्रार्थना लवकर आटोपू लागला की त्यामागेही काहीतरी गौडबंगाल. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. रॅकवर जेवढं दिसतं तेवढंच आहे असं धरून चालायची आमची रीत. मावशीची नेमकी उलटी. तिचे बहुतेक संशय खोटे निघाले हे इथे लिहिलंच पाहिजे, कारण दफनाच्या दिवशी जो उठला तो तिच्या तीक्ष्ण नजरेची स्तुती करत होता आणि ते ऐकताना मला बाकावर बसवत नव्हतं. चष्मा ज्याचा त्याच्याच कपाळावर सापडला होता. कोंबडी खुडूक होऊन अडगळीत अंड्यांवर बसली होती.

बस्त्याव काकांचं प्रकरण मात्र खरं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. काका आश्रमातले सगळ्यांत एकटे. कधीकाळी मिठागरावर मुकादम होते, मागे कुणी उरलं नव्हतं. रविवारी इतरांकडे मुलं-नातवंडं यायची तेव्हा ते फाटकाशी खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या पाहुण्यांना "या, या" करत बसायचे. त्यांना साखरेचा आजार होता. त्यांचं जेवण वेगळं शिजायचं, आणि ते शिजवायची स्वयंपाकीण फिलूबाई. ती पाचूबंदरची, विधवा. भावाच्या घरात तिला जागा नव्हती, म्हणून स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. काका आणि ती रोज भांडायची. काका म्हणायचे, "ही पेज आहे का भांडी धुतलेलं पाणी?" आणि ती पळी आपटून म्हणायची, "गोड पायजे ना तुमाला? गोड खाऊनच मराल एक दिवस!"

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात काका खरंच तसेच गेले. सकाळी उठवायला गेले तर शुद्धीवर नव्हते, संध्याकाळच्या आत संपले. डॉक्टरांनी तपासून सगळ्यांसमोर विचारलं, "साखर इतकी चढली कशी? ह्यांना रोज गोड कोण देत होतं?" कुणीच उत्तर दिलं नाही. काकांचं वय झालं होतं, पायाची जखम चिघळली होती, तेव्हा ते केवळ साखरेनेच गेले असं मी शपथेवर सांगणार नाही. पण मावशीला डॉक्टरांचा एक प्रश्न पुरला. पुढच्या रविवारी मी गेलो तर फाटकातच माझा दंड धरून कानात म्हणाली, "जुजे, खून झालाय."

"मावशी, म्हातारा माणूस होता."

"म्हातारा होता म्हणून काय त्याचा खून करायचा?"

तिने काकांचं आणि फिलूबाईचं भांडण आधीच आश्रम चालवणाऱ्या मदरच्या कानावर घातलं होतं, शब्द न् शब्द, पळी आपटल्याच्या आवाजासकट. मदर बाई सरळ होती. तिने विचार केला, म्हाताऱ्याचं जेवण जिच्या हातात तिनेच त्याला मरायचा शाप दिला होता, आणि ईस्टर झाला की फिलूबाईने आपलं बघावं असं सांगून टाकलं. पोलीस नको, बोभाटा नको. पण एवढं पुरेसं होतं. ज्या बाईने म्हाताऱ्याला मारलं अशी कुजबूज झाली तिला वसईत कुठल्या घरात चुलीजवळ उभं केलं असतं? मी मावशीवर भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "मी फक्त पुरावा दिला. निकाल मदरने दिला." मग तिचा चेहरा जरा उतरला. "आणि तो निकाल मला पटत नाही. फिलू तोंडाची फटकळ आहे. फटकळ माणसं विष घालत नाहीत, त्यांचं बोलून झालेलं असतं."

खरा खुनी शोधायचा म्हणजे काकांची खोली बघायला हवी, आणि खोलीला मदरचं कुलूप. म्हणून भर दुपारी, मिस्सेच्या इस्त्रीच्या पँटमध्ये, मला खिडकीतून आत चढवण्यात आलं. आश्रमातल्या दोन म्हाताऱ्या जपमाळ ओढत बाहेर पहाऱ्याला उभ्या होत्या. मावशी खालून सूचना देत होती, "गादी उचल. तिथे नाही रे, पायथ्याशी! शाळेतही असाच होतास." पँट खिळ्याला अडकून फाटली. पण खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि तो सुकेळ्यांच्या मोकळ्या वेष्टनांनी गच्च भरलेला होता. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात, ती आमच्याकडची सुकेळी. गावातली एक बागायतदार बाई दर रविवारी आश्रमात सुकेळी पाठवायची आणि मदर स्वतःच्या हाताने प्रत्येकाला एकेक द्यायची. फक्त बस्त्याव काकांना वगळून. स्वयंपाकघराचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मी डबा खिडकीतून बाहेर दिला. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. माल फिलूबाईच्या हातातून गेलेलाच नव्हता, तेव्हा ती सुटली. मी तसं म्हणालोही. पण मावशी ऐकत नव्हती. तिने डब्यातलं एक वेष्टन उचललं होतं. बाकीची केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली होती, हे एक निळ्या शिवणदोऱ्याने. मावशी आपल्या वाट्याचं सुकेळं आधी सोडून बघायची, आत बुरशी आहे का, कुणी काही घातलंय का... आणि सोपट तुटलं तर दोऱ्याने पुन्हा बांधायची. एवढी गाठ तिची स्वतःची होती.

"म्हणजे तूसुद्धा?" मी विचारलं.

मावशी कट्ट्यावर बसली. ती गाठ नखाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "त्यागाचं होतं रे ते."

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. उपवासकाळात आमच्यात प्रत्येकजण आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडतो, आणि सोडलेली गोष्ट ज्याला मिळत नाही त्याला द्यावी अशी शिकवण आहे. तीही गुपचूप. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळता कामा नये, नाहीतर त्याचं पुण्य गेलं. त्या वर्षी फादरांनी नेमकं यावरच प्रवचन केलं होतं. आश्रमात आवडीची गोष्ट ती काय असणार? सुकेळं. आणि ज्याला मिळत नाही असा माणूस? एकच होता, फाटकाशी खुर्ची टाकून बसणारा. मावशीने विचार केला, एका सुकेळ्याने काय होतंय. शेजारच्या खोलीतल्या बाईनेही तोच केला, तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानेही. अख्खा आश्रम एकमेकांची पाठ फिरायची वाट बघत काकांच्या उशीखाली पुण्य ठेवून येत होता. आणि काका बिचारे... आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं त्यांच्या खोलीत येत होती. नको कसं म्हणणार?

डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा बाकीच्या प्रत्येकाला वाटलं, आपल्याच एका सुकेळ्याने गेले. आणि प्रत्येकजण गप्प बसला.

मी म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता मदरला सांग. मावशी म्हणाली, "मी एकटीने सांगितलं तर मदर म्हणेल, फिलूला वाचवायला बोलते. सगळ्यांनी बोललं पाहिजे." आणि ते बोलायचं तिने ठरवलं कधी? ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी, भोजनगृहात, जिथे संपूर्ण उपवासकाळात जेवताना मौन पाळायचा नियम होता! मला त्या दिवशी पाहुणा म्हणून पानावर बसवलेलं. दारातून फिलूबाईची बांधलेली पेटी दिसत होती. वाढून झालं, प्रार्थना झाली आणि मावशी उभी राहिली. "बस्त्यावला सुकेळं मी दिलं."

मदर म्हणाली, "मार्थाबाई, मौन."

मावशी उभीच. चमच्यांचे आवाज थांबले. मी ताटाकडे बघत बसलो. मनात म्हणत होतो, आता हिलाही पेटी बांधावी लागणार आणि रंगवलेली खोली अखेर कामाला येणार. तेवढ्यात टोकाच्या बाकावरून एक थरथरता आवाज आला, "मीपण." मग दुसरा. मग बँडमध्ये कर्णा वाजवणारे एक म्हातारबुवा उठले, "मी दोन दिली. एक माझं, एक हिचं." शेजारी बसलेली त्यांची बायको गर्रकन वळली, "माझं दिलंस? मला म्हणालास उंदराने नेलं!"

"उंदराने नेलं म्हटलं तर तू रागावत नाहीस."

"चाळीस वर्षं तुझं असंच! कुठले कुठले उंदीर होते ते सांग आता!"

कुणीतरी हसलं, आणि हसता हसताच कुणीतरी रडायला लागलं. एकामागून एक सगळे उठले. मदरने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि फिलूबाईला म्हणाली, "पेटी सोड." एखादीने पाय धरले असते. फिलूबाई पळी घेऊन पुढे आली आणि कडाडली, "येवढ्यांनी खिलवलं त्याला! आनि मी मेली बिनसाखरेची पेज रांधून त्याच्या शिव्या खाल्ल्या! आनि ही..." पळी मावशीच्या नाकासमोर, "ही मास्तरीन मदरला जाऊन सांगते, फिलू बोलली, फिलू बोलली!"

मावशीने ऐकून घेतलं. पुढे कधीही मी त्या प्रकरणाला अपघात म्हटलं की ती मला दुरुस्त करायची, "खून तो खूनच, जुजे. माणसं चांगली होती एवढंच." त्याच दिवशी दुपारी तिच्यासमोर चहा आला तो बिनसाखरेचा. तिने एक घोट घेतला, फिलूबाईकडे पाहिलं आणि कप संपवला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला. मग तसाच येत राहिला. मी एकदा म्हटलं, साखर माग की. तर म्हणाली, "शिक्षा ज्याने दिली त्याने संपवायची असते, ज्याला झाली त्याने नाही." हे सगळं तिने वर्षानुवर्षं केलं, आणि गोडाची तिला किती हाव होती ते मला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला आश्रमात गेलो. सामान म्हणजे शिवणाची कात्री, चार पातळं आणि एक छत्री. दुपारच्या चहाची वेळ होती. फिलूबाई आता वाकली आहे. तिने पातेलं उतरवलं, आधी एक कप गाळून बाजूला ठेवला आणि मग उरलेल्या चहात साखर टाकली. टाकल्यावर तिचं त्या कपाकडे लक्ष गेलं. कप उचलून ती तशीच उभी राहिली. "हाताला सवय लागली," म्हणाली, आणि तो माझ्यापुढे ठेवला.

मी घोट घेतला. मला बिनसाखरेचा चहा जात नाही. म्हटलं, "फिलूबाई, जरा साखर द्या."

तिने डबा पुढे केला. पण झाकण उघडलं नाही, त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"बघा," ती म्हणाली, "येवढंच होतं. मी रोज वाट बघायची. मागितली असती, तर दिली असती."