झेंडूच्या हाराआडचा काटा

मागच्या दसऱ्याला भाचीच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली आणि मला दाखवायला दोघं अकोल्याहून अमरावतीला आले. जावई माणूस, कौतुक करायला हवं होतं. मी मात्र दार उघडून आधी काटे शोधायला लागलो. वेगाचा होता, पेट्रोलचा होता. म्हटलं, पाण्याचा काटा कुठे आहे? ऑइलचा? जावईबापू हसले. म्हणाले, मामा, ते आता नसतं, दिवा असतो. इंजिन तापलं की लाल दिवा लागतो, ऑइलचं काही बिघडलं की दुसरा. काट्याकडे बघत कोण बसतो आता?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दिवा लागतो तेव्हा काम तमाम झालेलं असतं. काटा बापडा आधीपासून सांगत असतो, इथवर आलं, आता इथवर आलं, थांब, पाणी घाल. तुमचा दिवा एकदम बोंब मारणार, आणि तीही मढं उचलायच्या वेळी! जावईबापूंचा चेहरा पडला. सणासुदीला नव्या गाडीसमोर मी असलं बोललो. त्यांना काय ठाऊक की माझा राग त्यांच्यावर नव्हताच.

भाची पायरीवर बसून गाडीसाठी झेंडूचा हार ओवत होती. तिचा जन्म दसऱ्याचा, आणि तिची आई गेली तीही त्याच दिवशी. दर दसऱ्याला ती मला एकच गोष्ट विचारते. त्या दिवशीही खाली मान घालून तिने विचारलं, मामा, माय शेवटी काही बोलली होती का? आणि दरवर्षी देतो तेच उत्तर मी दिलं. काही नाही बाई, तिला त्रास होऊन राहिला होता.

हे खोटं आहे. ती बोलली होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला दोनेक वर्षं होती. आम्ही बाळापूरच्या पलीकडचे माळी. वांगी, मिरची, भेंडी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. वडील गेलेले, मळा मायच बघायची. मी मात्र मळ्यातून पळालो तो अमरावतीला, आणि एका मालकाच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर झालो. अमरावतीहून बडनेऱ्यावरून अकोल्यापर्यंत सवाऱ्या न्यायच्या आणि आणायच्या. माझ्या अंगात रग भारी. मोटारीला कोणी हात लावला तरी मी खेकसायचो. माय म्हणायची, हा लोखंडाचा बैल याले आमच्यापेक्षा प्यारा हाय.

त्या मोटारीला दोन काटे होते. ऑइलचा काटा स्टिअरिंगसमोर. पाण्याचा मात्र बाहेर, पार पुढे रेडिएटरच्या झाकणावर. तिथे घड्याळाएवढी गोल तबकडी होती आणि काचेतून तो काटा बसल्या जागेवरून दिसायचा. ज्याच्या हाताखाली मी मोटार शिकलो त्याने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की रस्ता एका डोळ्याने बघ आणि काटा दुसऱ्याने. मी ते पाळलं. सहा वर्षांत माझं इंजिन एकदाही उकळलं नाही आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालकाने मोटार घरी न्यायला दिली. आमच्या आणि शेजारच्या मळ्यातला झेंडू मी तिच्यातूनच अकोल्याच्या बाजारात पोचवला आणि संध्याकाळी गावी परत आलो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, तरी तिला स्वस्थ बसवत नव्हतं. दसऱ्याला सकाळी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. नांगर, वखर, विळे, मोट, सगळं धुऊन मांडायचं. त्या वर्षी मोटारही मांडली. विहिरीचं पाणी काढून मी तिला घासूनपुसून चकचकीत केली. मोटारीला आंघोळ घातली, पण तिच्या पोटात पाणी ओतायचं राहिलं. रोज सकाळी न चुकता ओतायचो. त्या दिवशी पूजेच्या गडबडीत विसरलो.

बहिणीने मोटारीसाठी पहाटेपासून हार ओवला. दोन लाल फुलं, एक पिवळं, पुन्हा दोन लाल, एक पिवळं. मनगटाएवढा जाड आणि लांबलचक. तिने तो रेडिएटरच्या झाकणावरून घालून जाळीवर तिहेरी लोंबत सोडला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. मला म्हणाली, आता तुही मोटार नवरीवानी दिसून राहिली. मला आवडलं होतं.

दुपारी बाराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. गावच्या सुईणीने हात लावून बघितला आणि म्हणाली, पोर आडवं हाय, माह्याच्यानं होत नाही, अकोल्याच्या दवाखान्यात न्या. अकोला अठरा मैल, मोटारीने तासाभराचा रस्ता. गावात त्या दिवशी मोटार होती हे देवाचंच देणं, असं सगळे म्हणाले. आम्ही तिला मागच्या बाकावर गादी घालून निजवलं. माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मी बसून समोर बघितलं तर तबकडी हारात बुडालेली. काटा दिसेना. मी खाली उतरलो आणि हाराला हात घातला. आमच्या घरात पूजेचा हार त्या दिवशी उतरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा आणि विहिरीत सोडायचा. मायने आतून हटकलं. मी तिचं ऐकलं नसतं, मी कधी ऐकायचोच नाही. पण बहिणीने कळ दाबून मान वर केली आणि म्हणाली,

"राहू दे ना दादा. म्या ओवला हाय."

मी हात काढून घेतला आणि मोटार सुरू केली.

तिचे ते शेवटचे बोल. त्यानंतर ती नुसती कण्हत होती.

बाळापूर मागे पडलं. ऑक्टोबरचं ऊन, मागून वारा, आणि मी जेवढी पळेल तेवढी पळवत होतो. सात-आठ मैलांवर मला झेंडू शिजल्यासारखा वास आला. ऊन कडक आहे, फुलं भाजत असतील, असं मी मनाला सांगितलं. सहा वर्षं मोटार हाकणाऱ्याने असं म्हणावं! मग समोरचा ऑइलचा काटा खाली यायला लागला. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की तो पडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्या काचेवर बोटाने टकटक केली, अडकला असेल म्हणून. मागून माय म्हणत होती, चाल बाप्पा, लवकर चाल. तेव्हा रस्त्याच्या कडेला एक नाला लागला होता. पाणी होतं त्यात, निवळशंख. थांबून इंजिन जरा निवू दिलं असतं आणि दोन बादल्या ओतल्या असत्या, तर अर्ध्या तासात पुढे निघालो असतो. तो अर्धा तास मी वाचवला.

अकोला सात मैल राहिलं असताना खालून वाफ आली, इंजिन खडखडलं आणि जागीच बंद पडलं. हँडल मारून बघितलं, तसूभर हलेना. मी रस्त्याने धावत सुटलो. पुढच्या गावात एकाची दमणी मिळाली. त्या माणसाचं भलं होवो, पूजा केलेले बैल त्याने तसेच जुंपले. तरी सगळा घोळ धरून दवाखान्यात पोचायला तीन तास लागले. नर्सबाईंनी तिला आत घेताना विचारलं, किती वाजता निघालात? मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

पोरगी जगली. बहीण दिवस मावळायच्या आत गेली. बाहेर लोक एकमेकांना सोनं देत चालले होते. कोणीतरी माझ्याही हातात आपट्याची पानं ठेवली आणि मी ती घेतली.

मी सगळ्यांना सांगितलं की पाण्याचा पाइप फुटला. मायला, मालकाला, बहिणीच्या नवऱ्यालाही. कोणी शंका घेतली नाही, माझा लौकिकच तसा होता. बैल जोडून मोटार अकोल्याला ओढून आणली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि पाइपावरून हात फिरवला. मग झाकणावरचा सुकलेला हार त्याने हळूच काढला, तबकडी फडक्याने पुसली आणि हार माझ्या हातात दिला. "काँटा तो सही है," एवढंच म्हणाला. त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

भाचीला मायने आणि मी वाढवलं. तिला आईचा फोटो नाही, आईचा आवाज नाही, काही नाही. जे एक वाक्य होतं तेही मी दाबून ठेवलं, कारण ते दिलं तर त्याच्यासोबत काटाही द्यावा लागला असता. भेकड होतो मी, दुसरं काय.

पण मागच्या दसऱ्याला ती ओवलेला हार घेऊन उठली आणि गाडीच्या तोंडावर बांधायला वाकली. माझ्याने राहवलं नाही. मी तिला हाताला धरून बसवलं आणि सगळं सांगितलं. विसरलेलं पाणी, झाकलेली तबकडी, नाला, फुटला नव्हता तो पाइप. आणि तिच्या आईचे शब्द, होते तसे. जावईबापू मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, ही आता उठून जाईल, पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.

तिने हातातल्या हारावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "हार कसा ओवला होता तिनं?"

मी सांगितलं. दोन लाल, एक पिवळं. सुई लांब, दोरा दुहेरी, आणि दर वीतभराला एक गाठ.

तिने आपल्या हाताने ओवलेला हार दोरा ओढून मोकळा केला, फुलं पदरात घेतली, लाल वेगळी केली, पिवळी वेगळी केली आणि पहिल्यापासून ओवायला घेतली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. मी शेजारी बसून तिला फुलं देत राहिलो. हार पुरा झाला तेव्हा ऊन पायरीवरून उतरलं होतं. तिने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"कुठं बांधू ते तूच सांग मामा," ती म्हणाली.