दादाच्या तारखा

दादाला पोलिसांनी सातपूरच्या घरातून नेलं तेव्हा मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. कारखान्याच्या गेटवर सुपरवायझरशी झटापट झाली होती, त्यात त्याचं नाव आलं. मी शिकावं म्हणून स्वतःची शाळा सोडून मशीनवर उभा राहिलेला माझा भाऊ सगळ्या गल्लीदेखत जीपमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी पोलिसांना विचारलं, "नोटीस देऊन बोलावता आलं असतं. थेट अटक कशासाठी?" कागदावर कारणच नव्हतं. कोठडी नाकारली गेली, दादा सुटला. मला वाटलं, संपलं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "अटक चुकली म्हणून गुन्हा पुसला जात नाही गं. केस चालणार."

दादा सुरतेला कामाला गेला. घरी यायचं नावच काढेना. "गल्लीनं पाहिलंय मला," एवढंच म्हणायचा. यायचा तो फक्त तारखेला, बसनं थेट कोर्टात. आईला तिथं आणायचं नाही, अशी त्याची मला तंबी होती.

आई डबा द्यायची. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर आम्ही तो उघडायचो. तोवर मला सनद मिळाली होती, मी त्याच वकीलबाईंच्या हाताखाली होते.

"काय वकीलसाहेब, लय वाळलीस. पक्षकार जेवू देत नाहीत का?"

"तूच एक पक्षकार. तोही फुकटा."

तो भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवायचा. लहानपणी ठेवायचा तसाच. आत शिपाई नावं पुकारत असे. त्याचं नाव उशिरा यावं, असं मला वाटायचं. सरकारी वकिलांनी पुढची तारीख मागितली की दादाचा चेहरा पडायचा, आणि मी मनात पुढच्या भेटीचे दिवस मोजू लागायचे. वकील म्हणून मला याची लाज वाटते. बहीण म्हणून वाटत नाही.

चार वर्षांनी तो निर्दोष सुटला. वकीलबाईंच्या पाया पडला, रिकामा डबा माझ्याकडे दिला आणि स्टँडकडे चालू लागला. घर रिक्षानं वीस मिनिटांवर होतं.

परवा फोनवर म्हटलं, "दादा, निकालाची प्रत गल्लीत वाचून दाखवू का? ये ना आता."

तो हसला. "आता कशाला? तारीख कुठाय?"