भिंतीवरचा कागद

बॅकअप घेतला, एवढ्यावर अंकलचं कधी समाधान झालं नाही. आमच्या वसईच्या बातम्यांच्या साइटची तांत्रिक बाजू ते एकटे सांभाळत. दर शनिवारी आठवड्याचा बॅकअप जुन्या संगणकावर उघडत, त्यातली एखादी बातमी शेवटपर्यंत वाचत आणि मगच घरी जात. "घेतला म्हणजे झाला नाही, साहेब. उघडला म्हणजे झाला."

ते वसईजवळच्या गास गावचे. त्यांच्या वाडीत केळी आणि एक बावखल. त्या एका तळ्यावर सगळी वाडी भिजते. भाड्याने घेतलेल्या एकुलत्या एका सर्व्हरलाही त्यांनी 'बावखल' हेच नाव दिलं होतं. साइट बंद पडली तर काय करायचं, याच्या नऊ पायऱ्या मराठीत लिहून त्यांनी कागद भिंतीवर चिकटवला होता. "मी पुतणीच्या लग्नात नाचत असेन. फोन उचलणार नाही," असं बजावत. ते खरोखर नाचत होते त्याच दिवशी साइट बंद पडली आणि मी कागद वाचून ती सुरू केली. मला संगणकातलं काही कळत नाही.

पुढे मालकांनी सल्लागार आणले. साइटचे चौदा तुकडे करून ते वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालवायचा आराखडा त्यांनी मांडला.

"वाचक एकदम दहापट झाले तर?" सल्लागाराने विचारलं.

"तेव्हा मोठा सर्व्हर घेऊ," अंकल म्हणाले. "लग्न गासला आहे. मांडव विरारपर्यंत कशाला?"

कोणी हसलं नाही. मालकांनी संपादक म्हणून माझं मत विचारलं. आराखडा मला कळला नव्हता आणि तसं सांगण्याचा धीर नव्हता. मी म्हणालो, "सगळं एका माणसावर अवलंबून असणं धोक्याचं आहे."

अंकलनी भिंतीकडे पाहिलं. तिथे कागद नव्हता. पाहुणे येणार म्हणून सकाळी मीच तो काढून फेकला होता.

महिनाअखेरीस ते नोकरी सोडून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बावखल इतक्यात बुजवू नका." म्हणून साइट चौदा तुकड्यांत गेल्यावरही जुना सर्व्हर चालू राहिला.

काही महिन्यांनी जलवाहिनी फुटली. बोळिंजच्या सोसायट्या टँकरच्या वेळा आमच्या साइटवर बघत. त्यातच एका सकाळी साइट बंद पडली. चौदांपैकी कोणता तुकडा अडला, ते सल्लागारांना दुपारपर्यंत सापडलं नाही. एक बाई रिकामी कळशी घेऊन कार्यालयात आल्या. "टँकर येऊन गेला. आम्ही तुमच्या भरवशावर बसलो."

मी अंकलना फोन लावला.

"कागद परत लावला असेल ना, साहेब? तो बघा."

"कागद नाही, अंकल."

"काढला कोणी?"

"रंगकाम झालं," मी म्हणालो.

पलीकडे त्यांनी वाडीतला पंप बंद केला. मग ते म्हणाले, "बरं. लिहून घ्या." नऊच्या नऊ पायऱ्या त्यांना पाठ होत्या. जुन्या सर्व्हरवर साइट सुरू झाली आणि संध्याकाळच्या टँकरची वेळ लोकांना कळली.

तो कागद आता माझ्या अक्षरात, जुन्या चिकटपट्टीच्या चार डागांवर लावलेला आहे. भिंतीला रंग अजून दिलेला नाही.