पत्र्यावरची बैलजोडी

हे जमनाला सांगायला पाहिजे होतं. तिला सांगितलं नाही, म्हणून कुणालाच सांगितलं नाही — आणि आता ती नाही, तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अडकते.

जमना माझी बायको. या उन्हाळ्यात गेली. मी पेंटर. नंदुरबारला स्टेशनाच्या रस्त्यावर जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकांच्या मागं मोर काढले. शाळा चौथीपर्यंत. अक्षर बरं आहे, पण ते शाळेनं नाही, ब्रशनं दिलं.

ती गेल्यावर मुलांनी हार घालायला फोटो शोधला. पेट्या उघडल्या, लग्नांचे फोटो काढले, बारशांचे काढले. सगळ्यात जमना आहे — आणि कुठंच नाही. कुठं पाठमोरी, कुठं तोंडावर पदर, कुठं ऐन वेळी सरबताचं ताट घेऊन निघून गेलेली. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती कोणाचीही म्हातारी दिसते. धाकटा म्हणाला, आईला फोटोची भीतीच होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

भीती? ती काय जन्मतःच घेऊन आली होती?

तेव्हा आमची नुकती सुपारी फुटली होती. साल साठ-बासष्ट असेल. जमना रनाळ्याची. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेही खाली मान घालून बसलेली. त्याच सुमाराला रनाळ्याच्या पाटलाचा मुलगा पुण्याहून कॉलेजातले दोन मित्र घेऊन सुट्टीत गावी आला. त्यांच्याजवळ चावी भरून चालणारा सिनेमाचा कॅमेरा होता. एक लहानसा सिनेमा काढायचा होता — गावातल्या बायका पाणी किती लांबून आणतात त्याचा. आवाज नाही, काही नाही. त्यात हंडा घेऊन चालायला त्यांनी जमनाला उभी केली. तिचा बाप पाटलाच्या शेतावर, नाही कसं म्हणणार?

सिनेमा तयार होऊन आला. नंदुरबारच्या बाजारात, पडदा बांधून दाखवायचा ठरला. पाटी रंगवायला पोरं माझ्याकडंच आली. माझी सुपारी कुठं फुटली, त्यांना काय माहीत. पाटलाच्या मुलानं खिशातून एक फोटो काढला आणि म्हणाला, हे तोंड पत्राभर मोठं पाहिजे. तिला सांगून ठेवलंय आम्ही — तुझं तोंड बाजारात लागणार म्हणून.

फोटोत जमना होती. डोक्यावर हंडा, पदर मागं गेलेला, आणि हसत होती. हंड्यातलं पाणी मानेवर सांडलं असावं, त्याचं हसू. मी असं हसणं तोपर्यंत कुणाचं पाहिलं नव्हतं.

खरं सांगू? मी खूश झालो. फोटोवर रेघा मारून चौकोन पाडले, पत्र्यावर तेच चौकोन मोठे पाडले, आणि बसलो. आम्ही पेंटर लोक बाईच्या तोंडाला सरळ गुलाबी डबा उघडायचो, बाई कोणीही असो. जमनाला तसं केलं नाही. तिचा सावळा रंग मिसळून मिसळून आणला, जवसाचं चांगलं तेल घातलं. तसं तोंड मी पुन्हा कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी मामी बाजाराला आली होती. चहा घेता घेता तिनं पत्रा पाहिला. जरा जवळ गेली. मग हसली.

"हाई ते तुन्ही नवरी शे ना रे? बरं शे. तू दखाना पहिले आख्खा बाजार तिन्हा दात दखी."

नवऱ्याआधी बाजार तिचे दात बघणार, एवढंच. मामी पिशवी उचलून गेली. तिच्या मनात काही नसेलही. पण माझे कान तापले. मला वाटलं, लोक माझ्या दुकानापुढं उभे राहून हसतील. सिनेमातली बाई केली म्हणतील. कोण म्हणणार होतं? कोणीच म्हटलं नव्हतं. मीच म्हणत होतो, मनातल्या मनात.

त्याच दुपारी मी तिच्या तोंडावर रंग मारला. खरवडलंसुद्धा नाही — खालचा रंग ओला होता, त्यावरच रॉकेल घालून पातळ केलेला रंग ओढला, आणि वर एक बैलजोडी काढली. बैल मला डोळे मिटून येतात. पोरांना सांगितलं, रंग ओघळला, तोंड बिघडलं, आता वेळ नाही. पोरं हळहळली, आणि तीच पाटी लावून मोकळी झाली. फोटो त्यांनी परत नेला.

आणि जमना आली. बापाच्या बैलगाडीतून, आईला आणि काकूला घेऊन, नवं लुगडं नेसून — स्वतःचं तोंड बघायला. मी कापडाच्या दुकानाआड उभा होतो. ती पाटीसमोर थांबली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग पाटीच्या मागंसुद्धा जाऊन आली. काकूनं काहीतरी विचारलं. जमना म्हणाली, "बैल ते भारी काढेल शेतस." आणि पदर पुढं ओढला.

रस्ता लांबचा, म्हणून ती दिवस मावळायच्या आत परतली. सिनेमा तिनं पाहिलाच नाही. मी पाहिला. पडद्यावर ती आली, हंडा हिंदकळला, ती हसली — आणि आख्खा बाजार तिच्याबरोबर हसला. वाईट नाही हो, घरच्यासारखा. माझ्या शेजारचा एक म्हातारा म्हणाला, पोर गुणाची दिसते. मी तिथंच उभा. सांगता आलं असतं की माझी नवरी आहे. नाही सांगितलं.

इथपर्यंत भित्रेपणा झाला. पुढचं त्याहून वाईट आहे.

लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तिनं विचारलं. भाकरी थापत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"ती पाटी तुम्हीनच रंगाडी व्हती ना? मन्हं तोंड काबर नही काढं?"

तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? रुसली असती, दोन दिवस बोलली नसती. मी म्हणालो, "त्या पोरेस्नीच सांगं. तुन्हं तोंड चित्रात शोभस नही म्हने."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग भाकरी उलटवत म्हणाली, "खरं शे. मन्हं नाक बसकंच शे."

त्यानंतर तिनं कधी कॅमेऱ्यासमोर तोंड धरलं नाही. म्हातारी झाली तरी नाही. आणि मी? दर वेळी बघत होतो. पदर पुढं ओढताना बघत होतो.

पत्रा कोणी न्यायला आलं नाही, म्हणून मी घरी आणला. पडवीत ठोकला. आमच्याकडं शेत नाही, बैल नाहीत. दर पोळ्याला जमना त्या पत्र्यावरच्या बैलांची पूजा करायची. पुरणपोळीचा नैवेद्य, शिंगांना शेंदूर, कपाळाला कुंकू. हात जोडून उभी राहायची. त्या कपाळाखाली तिचंच कपाळ होतं. तिला माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी बाजूला उभा राहून पोळी कधी मिळते ते बघत होतो.

आता पोळा जवळ आला. सून म्हणाली, बाबा, आईंचा पत्रा पुसून ठेवा, पूजा मी करीन. ओलं फडकं घेऊन बसलो, तर वशिंडाजवळची एक खपली फडक्याला चिकटून आली. खाली सावळा रंग. माझाच मिसळलेला. ओल्यावर मारलेला रंग कधी धरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. घाईत मी तिला पुसलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दाढीचं पातं घेऊन बसतो. जोर लावत नाही. एका बैठकीत बोटभरच होतं. कुठं वरच्याबरोबर खालचंही निघून येतं, तिथं पत्रा उघडा पडतो. पण हंड्याची कड मिळाली. कान मिळाला. नाक मिळालं — बसकं नाही, चांगलं आहे. आज दात मोकळे झाले. हसतेय.

पोळ्याला सून ताट घेऊन येईल. मुलं असतील, नातवंडं असतील. समोर बैल नसतील. हे कोण, असं कोणीतरी विचारील.

तुम्हाला सांगितलं तसंच सांगेन. सिनेमावाल्या पोरांनी काही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं, हेही सांगेन.

डोळे अजून बैलाच्या पोटाखाली आहेत. उद्या ते घेईन.